क्रोशाच्या सुया कशा ठेवाव्यात: केस विकत घेण्याआधीची कामं

प्रश्न चिपळूणच्या एका ताईंचा आहे. सासूबाईंच्या स्टीलच्या बारीक सुया, स्वतः घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या सुया आणि नुकताच ऑनलाइन मागवलेला मऊ मुठींचा संच असे चाळीसेक हूक त्यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकत्र पडलेले आहेत. काहींवरचे आकडे पुसले गेलेत, स्टीलच्या सुयांवर दर पावसाळ्यात गंज चढतो आणि हवी ती सुई वेळेवर हाताला लागत नाही. त्यांनी विचारलंय, केस कोणती घ्यावी, गुंडाळायची की चेनची? आणि सासूबाईंच्या सुया वापराव्यात की जपून ठेवाव्यात?

ताई, केस सगळ्यात शेवटी घ्या. आधी एखाद्या दुपारी पांढरी चादर पसरा आणि डबा त्यावर ओता. पांढऱ्यावर पाऊण मिलिमीटरची सुईसुद्धा नजरेतून सुटत नाही. मग घरातल्या अर्धवट कामांच्या पिशव्या काढा. त्यांत अडकलेल्या सुया अजून बाहेर काढू नका. कुठल्या कामात कोणती सुई आहे, एवढंच कागदावर टिपून घ्या.

हे आधी सांगते, कारण माझ्याकडे शिकायला येणारी जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी म्हणते, "सुई हरवली." सुई खरोखर हरवते क्वचित. गौरीच्या आधी घाईने सुरू केलेलं आणि गौरी गेल्यावर कपाटात गेलेलं एखादं तोरण असतं, सुई त्यात असते. मग मधेच भाचीचा बाळंतविडा निघतो, तीच सुई हवी असते, आणि तोरणातून ती उपसली जाते. तोरण पुन्हा हातात घेतलं की जवळपासच्या मापाची दुसरी सुई लावून पुढच्या ओळी विणल्या जातात. नुकसान होतं ते इथे. सुई शोधण्यात गेलेली दहा मिनिटं त्यापुढे काहीच नाहीत.

टाक्याचं माप ठरतं दांडीवर, म्हणजे टोकाच्या खाचेपासून अंगठा टेकायच्या चपट्या जागेपर्यंतचा जो सरळ गोल भाग असतो त्यावर. पण दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या सुयांची डोकी वेगळी असतात. एका घडणीत डोकं दांडीच्याच जाडीचं असतं आणि खाच त्यात खोल कापलेली असते. दुसऱ्या घडणीत डोक्याखालची मान निमुळती होत जाते. अमेरिकेत सुझन बेट्स आणि बॉय या दोन जुन्या नावांवरून ह्या दोन घडणी ओळखल्या जातात. निमुळत्या मानेवर फास घट्ट बसतो, सरळ दांडीवर तो पूर्ण मापाचा होतो. म्हणून एका कंपनीच्या १.२५ ने विणलेल्या रुमालाला दुसरीची १.२५ लावली तर त्या ओळीपासून वीण बदलते. विणताना ते जाणवत नाही. धुऊन, खळ घालून, ताणून वाळवलं की गोल रुमालावर त्या जागी कडं उठून दिसतं. लोकरीच्या बाहुल्यांमध्ये तर टाके सैल पडून आतला कापूस दिसायला लागतो.

म्हणून सगळी मांडणी मी एका नियमावर बसवते: काम संपेपर्यंत सुई त्या कामाची. केस कुठलीही असो, एखादी सुई आत्ता कुठे आहे आणि अमुक काम कोणत्या सुईने चाललंय, ह्या दोन प्रश्नांना तिने जागच्या जागी उत्तर दिलं पाहिजे. सुंदर दिसणाऱ्या बऱ्याच केस इथेच कमी पडतात.

त्यासाठीचा उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक सुईला कायमचा एक कप्पा द्या आणि कप्प्यावर माप लिहा. सुई कामाला गेली की कप्पा रिकामा ठेवायचा, दुसरी सुई त्यात सरकवायची नाही. रिकाम्या कप्प्यात चिठ्ठी घालायची, वाचनालयात बाहेर गेलेल्या पुस्तकाच्या जागी कार्ड ठेवतात तशी. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा ह्याला उत्तम, कडक असतो आणि कप्प्यात मुडपत नाही. चिठ्ठीवर "१.२५, तोरण, निळी पिशवी" एवढं पुरे. दुसरी चिठ्ठी कामाच्या पिशवीत टाकायची आणि तिच्यावर जरा जास्त लिहायचं: सुईचं माप, कंपनी, दोऱ्याचा नंबर आणि छटेचा क्रमांक, कुठल्या ओळीवर थांबलो. दोऱ्याच्या गुंडीवरचा कागदी पट्टा त्याच चिठ्ठीला टाचून ठेवा. दोरा कमी पडला तर तीच छटा मागायला तो लागतोच.

काम काही महिने बाजूला पडणार असेल तर स्टीलची सुई टाक्यात अडकवून ठेवू नका. फास सैल होतो आणि कोकणात पावसाळाभर राहिली तर गंजाचा डाग दोऱ्यावर बसतो. फासात प्लास्टिकची खूण-पिन अडकवा. लोखंडी सेफ्टी पिनही नको, तीही गंजते. सुई मात्र केसमध्ये परत न ठेवता त्याच कामाच्या पिशवीत, छोट्या कागदी पाकिटात राहू द्या.

आता चादरीवरच्या ढिगाकडे वळू. बहुतेक जणी मापाच्या चढत्या क्रमाने सुया लावायला घेतात. मी आधी दोऱ्याप्रमाणे गट करते, मग गटाच्या आत मापाने लावते, कारण कामाला बसताना हातात आधी दोरा येतो. पहिला गट बारीक सुती दोऱ्याचा. ४० नंबरच्या दोऱ्याला ०.७५ ते १ मि.मी., २० नंबरला १ ते १.२५ आणि १० नंबरला १.२५ ते १.७५, असा साधारण हिशेब असतो. ह्या सगळ्या स्टीलच्या सुया. दुसरा गट जाड सुती दोरा आणि बाळाच्या बारीक लोकरीचा, २ ते ३.५ मि.मी.चा. तिसरा नेहमीच्या लोकरीचा, ४ च्या पुढचा. ज्याची त्याची वीण सैल-घट्ट असते, त्याप्रमाणे हे आकडे पाव-अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे होतील. प्रत्येक गट वेगळ्या रोलमध्ये (म्हणजे गुंडाळायच्या कापडी केसमध्ये) किंवा वेगळ्या डब्यात ठेवला की तोरण विणताना लोकरीच्या जाड सुया मधे येत नाहीत.

आकडे पुसले गेलेल्या आणि नुसताच नंबर असलेल्या सुयांचं काम वेळखाऊ आहे, पण एकदाच करायचं आहे. सासूबाईंच्या सुयांवर नुसता ८ असा शिक्का असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका. जुन्या ब्रिटिश मापात लोकरीच्या सुईचा ८ म्हणजे ४ मि.मी. अमेरिकेत एच-८ म्हणजे ५ मि.मी., पण अमेरिकन स्टीलच्या बारीक सुईचा ८ साधारण १.५ मि.मी. जपानी लेसच्या सुईचा ८ म्हणजे ०.९० मि.मी., आणि जपानीच ८/० म्हणजे पुन्हा ५ मि.मी. दिशाही उलटसुलट आहे. ब्रिटिश नंबर, अमेरिकन स्टीलचे नंबर आणि जपानी लेसचे नंबर वाढले की सुई बारीक होते. अमेरिकन लोकरीच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. अमेरिकन मापातली अक्षरंही सगळ्या कंपन्यांची जुळत नाहीत. एन हे अक्षर कुठे ९ वर दिसतं, कुठे १० वर. म्हणून घरातली नोंद फक्त मिलिमीटरमध्ये ठेवा आणि नमुन्यात दुसरं माप आलं तर तिथल्या तिथे बदलून घ्या.

मोजायला व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांत धरून जाडी बारीक मोजणारं साधन, वापरा. विणकामाच्या दुकानात भोकांची मापपट्टी मिळते, तिचं सगळ्यात लहान भोक बहुधा २ मि.मी.चं असतं, त्यामुळे स्टीलच्या सुयांना तिचा उपयोग होत नाही. घरी कॅलिपर नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे किंवा लेथ मशीनवाल्याकडे सुया घेऊन जा, मोजायची साधनं त्यांच्या हाताशी असतात. मोजायचं ते दांडीवर, अंगठ्याच्या चपट्या जागेच्या अलीकडे. डोक्यावर किंवा निमुळत्या मानेवर धरलं तर माप चुकीचं येतं. सुई थोडी फिरवून दोन-तीनदा मोजा. १.२३ किंवा १.२६ आलं तर १.२५ धरायचं.

जुन्या स्टीलवरचा पुसट शिक्का वाचायचा असेल तर त्यावर बोटाने टाल्कम पावडर चोळून वरवर पुसा. खोलगट आकड्यांत पावडर राहते आणि आकडा दिसतो. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तर अजून स्पष्ट होतो. ॲल्युमिनियमवरचा छापील आकडा मात्र एकदा गेला की गेला. म्हणून नवीन सुई आणली की पहिल्या वापराआधीच आकड्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या. ज्यांचे आकडे गेलेत त्यांच्या मुठीच्या शेवटच्या टोकाला रंगीत नेलपॉलिशची पट्टी काढा आणि कुठला रंग कुठल्या मापाचा हे केसच्या आत लिहून ठेवा. दांडीवर आणि चपट्या जागेवर काही लावायचं नाही. दांडीवर लावलं तर माप बदलतं, चपट्या जागेवर लावलं तर अंगठा चिकटतो.

सुई स्टीलची की ॲल्युमिनियमची, अशी शंका आली तर लोहचुंबक लावून पाहा. ॲल्युमिनियम चिकटणार नाही. स्टेनलेसचे काही प्रकारही चिकटत नाहीत, पण गंजाची भीती त्यांना कमीच असते. स्वयंपाकघरात सुऱ्या लावायला चुंबकाची पट्टी वापरतात तशी सुयांसाठी लावण्याची कल्पना मला पटत नाही. निम्म्या सुया तिला चिकटतच नाहीत. ज्या चिकटतात त्यांच्यात थोडं चुंबकत्व उतरतं आणि मग टाचण्या त्यांच्यामागे ओढल्या जातात.

आता गंज. तुमच्या प्रश्नात मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चिपळूणला जून ते सप्टेंबर हवेत जे पाणी असतं त्यापुढे कुठलीही महागडी केस टिकत नाही.

स्टीलच्या सुईवर बहुधा निकेलचा मुलामा असतो. तो आधी झिजतो खाचेत, कारण दोरा तिथेच घासतो. खाच उघडी पडली की हाताच्या घामातलं मीठ आणि हवेतली ओल मिळून गंज तिथूनच सुरू होतो. वरून सुई चकचकीत दिसते आणि खाचेत बारीक काटे तयार झालेले असतात. ते डोळ्यांना दिसणार नाहीत. थोडा कापूस घेऊन टोकावरून आणि खाचेतून ओढा. तंतू अडकले तर सुई खरखरीत झाली आहे आणि ती दोरा फाडणार. असं वरवरचंच असेल तर अगदी बारीक, २००० नंबरच्या पॉलिश पेपरची चिंचोळी पट्टी कापून दांडीच्या लांबीच्या दिशेने हलकेच फिरवा. खाचेसाठी जाड सुती दोऱ्याला धातूचं पॉलिश लावून तो खाचेत पुढेमागे ओढा. मग साबणाने धुऊन लगेच कोरडी करा. खड्डे पडले असतील तर घासत बसू नका. पाऊण मिलिमीटरच्या सुईवरून थोडं जरी खरवडलं गेलं तरी तिचं माप बदलतं. अशी सुई नाड्या ओवायला ठेवा आणि विणकामाच्या केसमधून बाहेर काढा.

पांढऱ्या दोऱ्यावर गंजाचा डाग पडलाच तर ब्लीच अजिबात लावू नका, डाग पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा आणि स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा. दोन-तीनदा करावं लागेल. रंगीत दोऱ्यावर हे करू नका, रंग उडतो.

रोजची सवय एकच. काम थांबवताना सुई कोरड्या सुती फडक्याने पुसायची. शिवणयंत्राचं तेल लावून ठेवायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो, पण पांढऱ्या दोऱ्यावर त्याचा पिवळट डाग पडतो. पावसाळ्यापुरत्या सुया ठेवून द्यायच्या असतील तर पांढरी मेणबत्ती दांडीवर हलकी फिरवा आणि फडक्याने पुसून घ्या, पातळ थर राहतो. पुन्हा वापरताना कोमट पाणी आणि साबणाने धुतलं की झालं.

पावसाळ्यात स्टीलच्या सुया कापडी रोलमध्ये तशाच कपाटात ठेवू नका. सुती कापड हवेतली ओल शोषून धरतं आणि ती ओल सुयांना चिकटून राहते. मखमल आणि स्पंजचं अस्तर त्याहून वाईट. चामड्याची केसही स्टीलला चांगली नाही, कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं. रोल वापरायचाच असेल तर तो रोलसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे, घाला. लहान डब्याला २०-२५ ग्रॅम पुरतं. रंग बदलणारं घ्या, म्हणजे ते भरलं की नाही ते कळतं. नारिंगी खडे ओल पिऊन हिरवे होतात, निळे गुलाबी होतात. निळ्यांत कोबाल्टचं संयुग असतं, म्हणून घरासाठी नारिंगीच बरे. सुटे खडे धातूच्या ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. तो ट्रे स्वयंपाकाला वापरू नका. काहीजणी तांदळाची पुरचुंडी ठेवतात. ती ओल फारशी शोषत नाही, वर तांदळात किडे होतात.

आणि डबा बंद करायची वेळ महत्त्वाची. जुलैत, धो धो पावसात डबा बंद केलात तर आतली दमट हवाच कोंडली जाते. मे महिन्यात वाळवणाचे दिवस असतात, तेव्हाच कोरड्या हवेत सुया पुसून, मेण लावून डबा बंद करा. मधे उघडायला लागू नये म्हणून पावसाळाभर लागणाऱ्या दोन-चार सुया आधीच बाहेर काढून ठेवा.

हे सगळं स्टीलसाठी. ॲल्युमिनियम गंजत नाही. फार तर काळपट पडतं आणि त्या काळपटपणाचा डाग फिक्या लोकरीला लागतो, म्हणून धुऊन पुसलं तरी पुरतं. बांबूच्या आणि लाकडी सुया सिलिकाच्या डब्यात ठेवू नका, फार सुकल्या तर त्यांना बारीक चिरा जातात. त्या कापडी रोलमध्ये, वारं लागेल अशा जागी ठेवा. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. त्यांना खोबरेल तेल लावू नका, काही दिवसांनी खवट वास येतो आणि दोऱ्यावर डाग उतरतो. मधमाशीच्या मेणाचा हात पुरे. नागपूर-अकोल्याकडच्या बायकांची अडचण नेमकी उलटी असते. तिथे उन्हाळ्यात लाकूड तडकतं आणि उन्हात उभ्या गाडीत राहिलेली प्लास्टिकची सुई वाकते.

तुम्ही नव्याने मागवलेल्या मऊ मुठींच्या सुयांबद्दल एक सावधगिरी. त्या बहुधा पारदर्शक मऊ प्लास्टिकच्या पाकिटात येतात. त्या पाकिटातच वर्षानुवर्षं राहिल्या तर काही मुठी चिकट होतात. पाकिटाचं प्लास्टिक मऊ ठेवणारा द्रव हळूहळू मुठीत उतरतो, हाताच्या तेलाचीही त्यात भर पडते. पहिल्या दिवशीच त्या पाकिटातून काढा आणि एकमेकींना चिकटणार नाहीत अशा कापडी कप्प्यांत ठेवा. तसंच लोकरीच्या कपाटात आपण डांबराच्या गोळ्या टाकतो, त्यांच्याजवळ प्लास्टिकच्या सुया आणि प्लास्टिकचे डबे नकोत. त्या गोळ्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, केस. चेनच्या केसमध्ये इलॅस्टिकचे पट्टे असतात. नवीन असताना सुया छान धरतात. पण इलॅस्टिक सैल होत जातं आणि बारीक स्टीलच्या सुया आधी घसरतात, जाड मुठीच्या तर मुळातच बसत नाहीत. फिरतीच्या कामाला, एकाच गटाच्या सात-आठ सुयांसाठी ती ठीक आहे. चाळीस सुयांसाठी नको. स्टीलच्या गटाला मी मखमलीचं अस्तर नसलेलं चष्म्याचं कडक घर वापरायला सांगते, आत रोल न घालता, प्रत्येक सुईच्या टोकावर छोटं टोपण चढवून. त्यात कप्पे नसतात, म्हणून कामाला गेलेल्या सुईची चिठ्ठी त्या घरातच ठेवायची. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा सेंटिमीटरभर तुकडा चालतो, मात्र तो वर्षभर तसाच ठेवू नका, रबर कडक होऊन चिकटतं. टोपण आळसाने टाळू नका. टोकाला उलटी खाच असते, म्हणून बोटात घुसलेली क्रोशाची सुई मागे ओढली की मांस फाटतं. असं झालं तर न ओढता तशीच धरून डॉक्टरांकडे जायचं.

लोकरीच्या आणि जाड सुती दोऱ्याच्या सुयांना मात्र घरी शिवलेल्या रोलइतकं चांगलं काही नाही, कारण कप्प्याची रुंदी आपल्या सुयांप्रमाणे ठेवता येते. बाहेरून खण लावायचा असेल तर लावा, फार देखणा दिसतो. आतून मात्र घट्ट विणीचं पॉपलीन घ्या. खणाच्या मागच्या सुट्या धाग्यांत सुयांची टोकं अडकतात. ॲल्युमिनियमच्या सुया साधारण १५ सें.मी. लांब असतात. त्यांच्यासाठी तयार उंची २६ सें.मी. ठेवा, खालून १० सें.मी.ची पट्टी कप्प्यांसाठी, आणि वरचे ९ सें.मी. झाकण म्हणून पुढे दुमडा. म्हणजे सुईची मूठ खाली कप्प्यात बसते, डोकं वर राहतं आणि झाकण त्याच्यावरून येऊन कप्प्यांच्या काठावर दोन सेंटिमीटर उतरतं. रोल उलटा झाला तरी सुई पडत नाही.

डोकं वर की खाली, ह्यावर बायकांचे दोन तट आहेत. मी वरच्या बाजूची. डोकं खाली ठेवलं तर टोक शिवणीत घुसतं, कापडाचे धागे ओढतं आणि सुई ओळखायला बाहेर काढावी लागते. वर ठेवलं की खाचेच्या घडणीवरूनच ओळखू येते.

कप्प्यांची रुंदी सरसकट एक ठेवू नका. बारीक सुयांना २ सें.मी., साध्या ॲल्युमिनियमला २.५, मऊ मुठीच्या सुयांना ३.५. अशा ८, ६ आणि ६ सुया धरल्या तर १६, १५ आणि २१ मिळून ५२ सें.मी. होतात, दोन्ही कडांना दोन-दोन सोडले की ५६. दोन कप्पे जास्तीचे ठेवा, पुढे लागतातच. माप कप्प्यावर कापडी पेनाने लिहा किंवा दोऱ्याने भरा. कापणी करण्याआधी तुमची सगळ्यात जाड मूठ एकदा कापडात गुंडाळून पाहा, मुठींचे आकार कंपनीप्रमाणे फार बदलतात.

रोज हाताशी लागणाऱ्या दोन-चार जाड सुया टेबलावर मगमध्ये उभ्या ठेवल्या तरी हरकत नाही. स्टीलच्या सुया मात्र मगमध्ये नकोत, घरात लहान मूल असेल तर मुळीच नकोत. ट्युनिशियन विणकामाच्या (ज्यात पूर्ण ओळीचे टाके सुईवर धरतात) ३० सें.मी.च्या पुढच्या लांब सुया कुठल्याच रोलमध्ये बसत नाहीत. त्या ड्रॉवरमध्ये आडव्या ठेवा. मागे लवचीक वायर जोडलेल्या सुयांची वायर सैल गुंडाळा. घडी पडून ताठ झाली असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ ओढून धरा.

पुढे खरेदी करताना अजून एक संच घेऊ नका. संचातल्या निम्म्या सुया कोऱ्याच राहतात आणि कप्पे मात्र अडवतात. त्यापेक्षा सगळ्यात जास्त लागणाऱ्या मापाच्या एकाच कंपनीच्या दोन सुया घ्या. एक कामात अडकली तरी दुसरी मोकळी राहते आणि सुई कामातून उपसायची वेळ येत नाही. आपल्याकडच्या पोनी आणि निटप्रोच्या सुया सुट्या मिळतात. बारीक लेसच्या कामाला हिरोशिमाच्या ट्युलिप कंपनीच्या सुया महाग असल्या तरी मला त्या घ्याव्याशा वाटतात, खाच फार स्वच्छ कापलेली असते.

सासूबाईंच्या सुया वापरा. कपाटात बंद राहिलेल्या स्टीलवर कोणाची नजर नसते आणि गंज आत कधी पसरला ते कळत नाही. हातात असलेली सुई रोज पुसली जाते. त्यांच्यावर मिलवर्डसारखं नाव असेल तर ती इंग्लंडमधल्या रेडिच ह्या एकेकाळी सुयांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातली जुनी कंपनी, त्यामुळे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचा असण्याची शक्यता धरा, पण मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मूठ हाडाची किंवा हस्तिदंतासारखी दिसत असेल तर ती पाण्यात बुडवू नका आणि सिलिकाच्या डब्यातही ठेवू नका, तडे जातात. तेवढी एक सुई कापडात गुंडाळून वेगळी ठेवा.

त्यांचं एखादं अर्धवट काम घरात असेल तर ते कुठल्या सुईचं हे शोधून काढता येतं. त्याच जाडीचा दोरा घ्या. कामातला साध्या खांबांचा (उभ्या टाक्यांचा) सपाट भाग निवडा आणि ५ सें.मी.मध्ये किती खांब बसतात ते मोजा, तेवढ्याच उंचीत किती ओळी आहेत तेही लिहा. मग त्यांच्याच सुयांपैकी १, १.२५ आणि १.५ ने छोटे चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि मोजा. न धुता मोजलेलं माप फसवं असतं. खांब जुळले पण ओळी जुळल्या नाहीत, तर मापापेक्षा डोक्याच्या घडणीत फरक आहे असं समजून त्याच मापाची दुसरी सुई लावून पाहा. तुमची वीण त्यांच्यापेक्षा सैल असेल तर एक माप खाली यावं लागेल. जुळलेली सुई त्याच दिवशी त्या कामाच्या पिशवीत टाका, चिठ्ठी लिहा आणि केसमधली तिची जागा रिकामी ठेवा.